रिकामी किटली

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो काचेच्या आवाजाने. गावात बाकीच्यांकडे कोंबडं आरवायचं, बादल्या वाजायच्या, कुणी वैरण तोडायचं. आमच्या मागच्या दारी तीन दगडांच्या चुलीवर एका छोट्या पातेल्यात इंजेक्शनची काचेची पिचकारी उकळत असायची. पाणी खदखदायला लागलं की ती पातेल्याच्या कडेला टिणटिण आपटायची आणि अंथरुणात माझी मांडी आपोआप आखडायची. ती उकळल्यावर आई दोन बोटांनी झाडून गार करी, पदर खोचून माझ्या शेजारी बसे आणि दरवेळी सुई टोचायच्या आधी स्वतःच डोळे मिटून घेई. सुई पोलादी, परत परत वापरायची, त्यामुळे ती बोथट होई. मग आबा ती गुळगुळीत दगडावर घासून धार लावत. विळा-खुरपं पाजळून झालं की शेवटचं काम नलीची, म्हणजे माझी, सुई. इन्सुलिनची बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत एका बुडकुल्यात पुरलेली असे, कारण गावात फ्रिज होता तो फक्त डेरीच्या चेअरमनकडे आणि त्याच्याकडे रोज कोण जाणार. आम्ही सकाळी सकाळी वाळू उकरतो हे कुणीतरी पाहिलं आणि आम्हा मोहित्यांना सोनं सापडलंय अशी आवई उठली. आबा म्हणायचे, सापडलंय खरं, पण रोज थोडं थोडं पोरीच्या मांडीत जातंय.

आता माझ्या दंडाला नाण्याएवढी चकती चिकटवलेली असते आणि साखर किती हे मोबाईल सांगतो, वर खाली झाली तर ओरडतोसुद्धा. भाचेसून म्हणते, आत्या, तुम्हाला तेव्हा हे काहीच नव्हतं, मग कळायचं कसं? कळायचं नाही, हे खरं उत्तर. पण ते सांगितलं की तिचा चेहरा पडतो, म्हणून मी तिला आईच्या रंगांची गोष्ट सांगते.

मी सातवीत असताना हे सुरू झालं. तहान म्हणजे अशी की शाळेतल्या माठाचं पाणी मी एकटीने संपवायची. अंग वाळत चाललं. घरच्यांना वाटलं दृष्ट लागली, मग वाटलं जंत. मोरीत मी लघवीला बसते तिथे मुंग्यांची रांग लागते हे आधी आईने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आबांनी मला एसटीत घालून नगरला नेलं. (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण माझी जीभ अजून नगरलाच उतरते.) तिथल्या डॉक्टरांनी मला बरेच दिवस ठेवून घेतलं. निघताना त्यांनी आई-आबांना समोर बसवून चार गोष्टी सांगितल्या. सुई रोज, चुकवायची नाही. जेवण वेळेवर, उपास नाही. पोरीला रोज भरपूर चालवायचं, घरात कोंडायचं नाही. आणि चौथी अशी की कधी ती थरथरायला लागली, गार घाम सुटला, बरळायला लागली, तर काही विचार न करता तोंडात गूळ नाहीतर साखर घालायची. पहिल्या तीन गोष्टींना आबांनी मान हलवली. चौथीला नाही हलवली. परतीच्या गाडीत ते आईला म्हणाले, "डाक्टर झाला तरी मानूसच. दिवसभर बोलून बोलून एखादं वाक्य उलटं पडतं तोंडातनं. साखरेच्या आजाराला कुनी साखर देतं का?" आई खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला पहिल्या गोष्टीतलं ‘रोज’ एवढंच ऐकू आलं होतं, असं ती मला फार पुढे म्हणाली.

गावात उतरल्यावर ती घरी आलीच नाही. तशीच पिशवीसकट टेकडीवरच्या देवीकडे गेली आणि नवस बोलून आली. माझी नली बरी होईस्तवर घराच्या उंबऱ्याच्या आत गोड येणार नाही. आमच्याकडे माणसं देवापायी काहीबाही सोडतात, कुणी वांगं सोडतं, कुणी चहा, कुणी पायात वहाण घालणं. आईने सगळ्या घराचं गोड सोडलं आणि कुणाला विचारलंही नाही. गुळाची अर्धी ढेप होती ती आबांनी त्याच संध्याकाळी शेजारी ठकूकाकूकडे नेऊन दिली. साखरेचा डबा धुऊन उन्हात पालथा घातला आणि नंतर त्यात मीठ भरलं. दिवाळीला चिवडा आणि शेव, संक्रांतीला नुसते तीळ, होळीला पोळी नाही. माझा थोरला भाऊ दत्तू बिचारा काही बोलायचा नाही, पण सणासुदीला त्याला ठकूकाकूकडे एकाएकी फार कामं निघायची आणि परत येताना तो मिशा नसलेला ओठ पुसत यायचा. मला हे सगळं दिसत होतं आणि फार लाज वाटत होती. आजार एकट्या माझा असता तर मी तो सहन केला असता, पण माझ्या एका मांडीपायी सगळ्या घराचं तोंड अळणी झालं होतं.

यात सगळ्यात जड गेलं ते गूळ-पाण्याचं. आमच्या भागात उन्हातून आलेल्या माणसाच्या पुढे आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा, मग विचारपूस. तेवढं केलं नाही तर माणूस दारातून हाकलल्यासारखं होतं. आई गुळाऐवजी शेंगदाणे ठेवू लागली. ओळखीचे समजून घेत. पण ठकूकाकूच्या लेकीला बघायला पाहुणे आले, ऊन फार म्हणून ती त्यांना आधी आमच्या ओसरीच्या सावलीत घेऊन आली, तेव्हा आईने त्यांच्याही पुढे शेंगदाणेच ठेवले. पाहुण्यांनी शेंगदाण्यांकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे बघितलं. सोयरीक मोडली नाही, मोडायचं कारणही नव्हतं, पण ठकूकाकूने ते मनाला लावून घेतलं. माझ्या पाहुण्यांना यांच्याकडनं गुळाचा साधा खडाबी मिळाला न्हाई, असं ती पाणवठ्यावर म्हणाली. खरं तर आमचा गूळ तेव्हा तिच्याच घरात होता, पण आबा म्हणाले, गूळ ज्याच्या घरात त्याचा. तेव्हापासून दोन घरांमधलं बोलणं बंद झालं. मधे फक्त एक गुडघाभर भिंत होती, त्यामुळे न बोलणंसुद्धा समोरासमोर बसून करावं लागे.

आता चालण्याचं सांगते. डॉक्टर म्हणाले चालवा, पण आमच्या गावात बिनकामाचं कुणी चालत नसे. पुरुष चालला तर त्याच्या खांद्यावर काहीतरी असायचं, बाई चालली तर डोक्यावर. पहिल्या दिवशी मी हात हलवत निघाले ती वेशीपर्यंत पोचेतो दारोदारी एकच प्रश्न, कुठं निघाली गं? कुठंच न्हाई, म्हटलं तर लोक दचकत. कुठंच नाही जाणारी पोर म्हणजे एकतर भांडून निघालेली नाहीतर डोक्याने गेलेली. वर आजारी म्हटल्यावर बायका हात धरून मला माघारी घरी आणून पोचवत. असं दोनतीनदा झालं. मग आईने फळीवरची जुनी दुधाची किटली काढली, घासली, झाकण दाबून बसवलं आणि माझ्या हातात दिली. "कुनी विचारलं तर सांग, डेरीला निघाले." दूध घालायला दत्तू सायकलवर जायचा. किटलीत थेंबभर दूध नव्हतं. पण ती हातात आली आणि गावाचे प्रश्न बंद झाले. डेरी संध्याकाळी उघडते, ही पोर भर दुपारी कसली किटली घेऊन जाते, आणि डेरी खाली असताना ही वर टेकडीकडे का निघाली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. काम दिसलं की आमचं गाव गप्प बसतं.

शाळेच्या मागून, ओढ्याच्या कडेने, मग नालाबांधावरून टेकडीच्या पायथ्यापर्यंत माझा रस्ता होता. बांधबंदिस्तीची कामं तेव्हा आमच्या तालुक्यात सगळीकडे चालू होती, त्यामुळे टेकडीला आडवे चर खणलेले आणि त्यांच्या कडांवर हेंकळ-तरवडाची झुडपं, मधेच सीताफळाची रोपं. बांधावर एकदा गेलं की गाव दिसायचं, पण गावाला मी दिसत नसे. तिथे मी पळायची. आधी थोडं, मग पुष्कळ. किटली मांडीला आपटायची, झाकण खुळखुळायचं. घरात मी आजारी होते, शाळेत आजारी होते, लोकांच्या तोंडी तर पोरीची जात आणि आता हिचं कसं व्हायचं एवढीच होते. बांधावर मी काहीच नव्हते, नुसती पळणारी पोर होते. त्या वर्षी मला दुसरं काही सुख नव्हतं आणि दुसरं हवंही नव्हतं.

आणि त्या पळण्याने रंग बदलला. ती रंगांची गोष्ट अशी की घरी तपासायला तेव्हा एक निळं औषध मिळायचं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि चुलीवर धरायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त आणि विटकरी झालं तर फारच. आईला अक्षरओळख नव्हती, पण रंग ती साडीच्या दुकानातल्यासारखे पारखायची. ‘आज शेवाळ,’ ‘आज हळद,’ ‘आज वीट.’ वीट निघाली की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. मी पळायला लागल्यापासून विटा कमी झाल्या आणि निळं यायला लागलं. आई नळी उजेडात धरून आबांना दाखवी आणि टेकडीच्या दिशेने हात जोडी. तिचा हिशेब सरळ होता. निळं म्हणजे चांगलं, रोज निळं म्हणजे पोर बरी होत चालली, बरी झाली की नवस फिटला. निळा रंग फक्त साखर वर नाही एवढंच सांगतो, खाली कुठवर गेली ते सांगत नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हती.

आबांना मात्र माझ्या चालण्याचा धसका होता. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की तुमची नली बांधावर उंडारती. त्यांनी मला समोर उभं केलं, रागावले नाहीत, फक्त म्हणाले की चाल, पण एकदा जरी कुठं पडली-झडली तर किटली फळीवर जाईल आणि तू घरात बसशील. तेव्हापासून मी ठेच लागली तरी लंगडत नसे.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी आबांनी आमच्या बैलांची, चांद्याची आणि हौश्याची, खांदेमळणी केली. खांद्यांना हळद-तूप चोळलं आणि रीतीप्रमाणे दोघांच्या कानात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. सांगून झालं आणि तिथेच गव्हाणीच्या कडेला बसून राहिले. आईने विचारलं काय झालं. "वर्सभर राबवून घेतलं आन जेवायला बोलावलं," ते म्हणाले, "आन ताटात काय वाढायचं? झुनका?" पोळ्याला बैलाच्या तोंडी पुरणपोळी नाही हे त्यांना माझ्या आजारापेक्षा कमी लागलं असेल, असं मला वाटत नाही. आई म्हणाली, देवीला बोललेय मी. आबा म्हणाले, मी कुठं काय म्हनतोय. पण मग त्यांनी मनाशी ठरवलं की पुरण नाही तर नाही, निदान दुसरी रीत तरी कडक पाळायची. पोळ्याला बैल जेवल्याशिवाय घरातल्या माणसाने घास घ्यायचा नसतो.

सकाळी सुई झाली. सुईवर आईने मला दुधात कुस्करलेली भाकरी दिली, त्याला आबांनी डोळेझाक केली. दुपारी तिने माझं ताट वाढायला घेतलं तेव्हा मात्र आबा म्हणाले की एका दिवसाने काय होतं, न खाल्ल्याने साखर कमीच होईल की. आईने जाऊन नळी धरली. निळं निघालं. निळं निघालं म्हणून तिने ताट झाकून ठेवलं. त्या दिवशी त्या घरात माझं वाईट चिंतणारं एकही माणूस नव्हतं, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

बैल ओढ्यावर धुऊन आले, शिंगांना हिंगूळ लागला, दत्तू झुली आणि बाशिंगं घेऊन बसला. मिरवणुकीला अजून वेळ होता. घराघरांतून जायफळ घातलेल्या पुरणाचा वास येत होता आणि मी ओसरीवर बसून तो हुंगत होते. आईला ते बघवेना. तिने किटली काढून दिली आणि म्हणाली, जरा लांब जाऊन ये, वास कमी लागंल. मी गेले. गावात सगळीकडे वास होताच, म्हणून तो जिथे संपतो तिथवर जायचं ठरवलं. बांधावरून पायथा, पायथ्यापासून वरच्या चरापर्यंत, पळतच. भूक लागली होती, पळाल्यावर ती थोडी विसरली. परत फिरले तेव्हा ओठ बधिर झाल्यासारखे वाटले. घाम इतका की परकराचा घोळ पायाला चिकटायला लागला. वेशीवरचं आंब्याच्या पानांचं तोरण मला दोन-दोनदा दिसलं आणि त्याचं फार हसू आलं. त्यापुढचं मला आठवत नाही.

पुढचं दत्तूने सांगितलेलं. मी दारात आले ती हसतच. आबांना त्यांच्या नावाने अरे-तुरेने हाक मारली. चांद्याच्या शिंगाला किटली अडकवायचा प्रयत्न केला. मग ओसरीवर बसले आणि थरथरायला लागले, दात वाजायला लागले. आबांच्या मनात पहिलं हेच आलं की पोळ्याचा दिवस, पोर उपाशी, कुणीतरी दया येऊन हिला पोळी खायला घातली आणि साखर चढली. "कुनी घातलं हिला गोड?" असं विचारत ते परसातल्या कडुलिंबाचा पाला ओरबाडून आले, पाट्यावर वाटला आणि त्याचा रस माझ्या तोंडात घातला. मी तो त्यांच्या ठेवणीतल्या धोतरावर थुंकले. ते दुसरा चमचा भरत होते. तेवढ्यात आईने माझ्या मानेला हात लावला आणि तो हात ती तसाच धरून बघत राहिली.

"घाम गार हाय," ती म्हणाली. "अवं, डाक्टर म्हनला हुता."

"ते उलटं बोलून गेलाय."

"आन सुलटं असलं तर?"

दत्तू म्हणतो, आई उठली आणि तिने सवयीने साखरेचा डबा उघडला. त्यात मीठ होतं. वर्षभर तिने स्वतःच्या हाताने घरातून गोडाचा कण न् कण काढून टाकला होता आणि आता तिला चिमूटभर हवं होतं. ती मधली भिंत ओलांडून ठकूकाकूच्या दारात गेली. तिथे बैल सजवून उभे होते, ताट वाढून तयार होतं आणि चुलीच्या कडेला पोळीवर ओतायची गुळवणी पातेल्यात कोमट ठेवलेली होती. आईने काही न बोलता पातेल्याला हात घातला. अगं, अजून निवद दाखवायचाय, असं ठकूकाकू म्हणाली. आई म्हणाली, "माझी नली चाललीय." तेव्हा पातेलं ठकूकाकूनेच उचललं आणि ती आईच्या मागे पळत आली.

पण आमच्या उंबऱ्याशी येऊन ती थांबली. नवस साऱ्या गावाला ठाऊक होता. तोवर आबांनी मला उचलून आतल्या घरात नेलं होतं. पातेलं पोटाशी धरून ठकूकाकू बाहेर उभी, आई आत, आणि दोघींच्या मधे तो उंबरा.

"आत आनू का?" ठकूकाकूने विचारलं.

आईने एकदा टेकडीकडे बघितलं.

"आन," म्हणाली.

इथून मला आठवतं, आधी थोडं आणि मग सगळं. आईचा ओंजळ केलेला हात माझ्या तोंडाशी होता आणि त्यातून कोमट, जायफळाचं, गुळाचं पाणी माझ्या कडू जिभेवर येत होतं. मी घोट घेत होते आणि आई प्रत्येक घोटाला ‘अजून, अजून’ म्हणत होती. वर्षभरात पहिल्यांदा गोड. पुढे आयुष्यात मी काय काय खाल्लं, चोरून खाल्लं, उघड खाल्लं, हिशेब करून खाल्लं, पण त्या गुळवणीइतकं गोड मला काही लागलेलं नाही. हळूहळू थरथर थांबली. छताची तुळई एकच दिसायला लागली. मी आईला विचारलं, किटली कुठंय? तेव्हा आई जी रडायला लागली ती ठकूकाकूने पाठीवर हात फिरवला तरी थांबेना. आबा कडुलिंबाची वाटी हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होते. ती वाटी खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

त्या वर्षी ठकूकाकूच्या बैलांना गुळवणीशिवाय पोळी मिळाली. दिवेलागणीला ती आमच्याकडे झाकलेलं ताट घेऊन आली, त्यात चार पोळ्या होत्या, दोन चांद्याला आणि दोन हौश्याला. आबांनी त्या बाहेर गोठ्यातच चारल्या आणि बराच वेळ हौश्याच्या मानेआड तोंड घालून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आईने ठकूकाकूपुढे पाणी ठेवलं, शेंगदाणे ठेवले आणि दोघी हसल्या. तेवढ्यावर ते भांडण मिटलं.

माझं मात्र मिटलं नाही. किटली फळीवर गेली. आबा पहिल्या गाडीने नगरला जाऊन डॉक्टरांना भेटून आले, तिन्हीसांजेला परत आले, पाय धुतले आणि ओसरीवर बसून आईला म्हणाले, "वाक्य उलटं नव्हतं." एवढं बोलायला त्यांना नगरपासून गावापर्यंतचा रस्ता लागला असावा. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की सुई घेऊन पोर उपाशी पळाली तर साखर खाली जाणारच. चालणं बंद करू नका, खिशात गूळ द्या. आबांना हे पटलं होतं, पण धीर होत नव्हता. ते म्हणाले, बांधावर एकटी पडली तर कोन हाय तिथं? आणि गूळ द्यायचा तर तो घरात आणायला हवा, आणि घरात आणायचा तर आईचा शब्द आडवा. पोळ्याचं ते संकट होतं, ते निभावलं. रोजचं कसं करायचं? मी रोज फळीवरच्या किटलीकडे बघत बसे. मला कळून चुकलं होतं की मी जगेन, पण या ओसरीवर बसून जगेन. आई माझ्याकडे बघायची आणि कामाला लागायची. पुन्हा विटा दिसायला लागल्या.

असे काही दिवस गेले. एका सकाळी पिचकारी टिणटिणली, सुई झाली, मी भाकरी खाल्ली आणि आईने फळीवरून किटली काढली. माझ्या हातात दिली आणि स्वतः पायात वहाणा घातल्या. मी विचारलं कुठं, ती म्हणाली, "डेरीला." आम्ही बांधावरून गेलो, पायथ्याशी पोचलो आणि वर चढायला लागलो. आईला माझ्याबरोबर चढवेना, धाप लागे, पण ती थांबली नाही आणि मला हळू चाल असंही म्हणाली नाही. वर देवळात कुणी नव्हतं. आईने कनवटीची पुरचुंडी सोडली. आत गुळाचा खडा होता, ठकूकाकूकडून आणलेला, चांगला मुठीएवढा. तो तिने देवीपुढे ठेवला आणि शेजारच्या बाईशी बोलावं तसं तिच्याशी बोलली.

"मी बोलले हुते ती बरी होईस्तवर. ती बरी व्हायची न्हाई. डाक्टरनं सांगितलंय, मलाच ऐकायचं नव्हतं." मग म्हणाली, "पर ऱ्हाईल. माझा शब्द मला माघारी दे. तुला राग आला तर माझ्यावर धर, पोरीवर नको."

मी हे ऐकत तिच्या मागे उभी होते. ती बरी व्हायची नाही, हे माझ्यासमोर मोठ्याने पहिल्यांदाच कुणी बोललं होतं. मला वाटलं होतं ते ऐकून मी कोसळेन. पण उलट पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं वाटलं. बरं होण्याचं एक काम मला सगळ्यांनी दिलं होतं आणि ते माझ्याने होत नव्हतं. आईने ते माझ्याकडून काढून घेतलं.

तिने गूळ दगडावर आपटून फोडला. एक खडा देवीपुढे ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळला. तिनेही वर्षभर तोंड अळणी ठेवलं होतं हे मी त्या क्षणापर्यंत लक्षातच घेतलं नव्हतं. उरलेले खडे फडक्यात न बांधता तिने तसेच किटलीत टाकले आणि झाकण बसवलं. फडकं का नको, असं मी विचारलं. ती म्हणाली, मला घरी ऐकू यायला पाहिजे. आणि मग मला पुढे घालून म्हणाली, "पळ. मी येते मागनं."

मी पळाले. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कॉलनीतल्या बायका सकाळी फिरायला हात हलवत निघतात, माझ्या हातात एक छोटा स्टीलचा डबा असतो आणि नव्याने राहायला आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, मावशी, दूध आणायला निघालात का? मी हो म्हणते. त्या दिवशी टेकडीवरून खाली उतरताना किटलीतला गूळ पत्र्यावर खडखड वाजत होता, चरांवरून, बांधावरून, ओढ्याच्या कडेने, आणि वर मागे वळून पाहिलं तर आई उतारावर जिथे होती तिथेच उभी होती, मान एका बाजूला कलती करून, ऐकत.